स्कॅन पडद्यावर जुळतात, पण सेव्ह केल्यावर जागा का सोडतात?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे. नाशिकजवळच्या एका वास्तूचे दोन त्रिमितीय स्कॅन (बिंदूंचे संच) तुम्ही ओपनथ्रीडी या लायब्ररीत आयसीपी (दोन स्कॅन टप्प्याटप्प्याने जुळवणारी पद्धत) वापरून जुळवले आणि त्याआधी दोन्हींच्या निर्देशकांतून (बिंदूंचे स्थान सांगणाऱ्या आकड्यांतून) एकच मोठा आकडा, म्हणजे शिफ्ट, वजा केला. पडद्यावर ते एकमेकांवर नीट बसतात. परंतु सेव्ह केलेली पीसीडी फाइल (बिंदू साठवण्याचा एक प्रकार) क्लाउडकंपेअर या स्कॅन पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडली की एक स्कॅन मूळच्या जागी असतो आणि भिंतींवर पट्टे उमटलेले असतात. आयसीपीने दिलेली मॅट्रिक्स (स्कॅन किती फिरवायचा आणि सरकवायचा हे सांगणारे कोष्टक) मूळ फाइलला लावली, तर स्कॅन काही किलोमीटर दूर जातो, आणि म्हणून मॅट्रिक्सच चुकली असावी असे तुम्हाला वाटते. मला तसे वाटत नाही. ती चुकली असती तर पडद्यावरही स्कॅन जुळले नसते. इथे तीन वेगवेगळी कारणे एकत्र आलेली आहेत आणि ती सुटी करून पाहिल्याखेरीज उलगडा होणार नाही.

पहिले कारण साधे आहे. आयसीपी फक्त मॅट्रिक्स काढून देते, स्कॅन हलवत नाही. ओपनथ्रीडीच्या शिकवणीत निकाल दाखवण्यासाठी जे छोटे फंक्शन दिले आहे, ते स्कॅनची डीपकॉपी (स्वतंत्र प्रत) करून त्या प्रतीला मॅट्रिक्स लावते. म्हणजे पडद्यावर दिसते ती प्रत आणि तुम्ही सेव्ह करता तो न हललेला मूळ स्कॅन. सेव्ह करण्यापूर्वी मूळ स्कॅनवर ट्रान्सफॉर्म हे मॅट्रिक्स लावणारे फंक्शन एकदा चालवा. एकदाच म्हणतो, कारण हे फंक्शन बिंदू जागेवरच बदलते. नोटबुकमधला तोच कप्पा दुसऱ्यांदा चालवला, तर हललेला स्कॅन पुन्हा हलतो.

पट्ट्यांचे कारण आकड्यांच्या साठवणुकीत आहे, विशेषतः शिफ्ट परत मिळवून मोठ्या आकड्यांत पीसीडी लिहिली असेल तर. ओपनथ्रीडी बिंदू 64 बिटमध्ये ठेवते, पण पीसीडी फाइलमध्ये ते 32 बिटच्या फ्लोटमध्ये (दशांश आकड्यात) लिहिते. अशा फ्लोटमध्ये 24 बिटांइतकीच अचूकता मावते. नाशिकचा यूटीएम (मीटरमध्ये स्थान सांगणारी नकाशा-पद्धत) 43 उत्तर विभागातला उत्तर निर्देशक सुमारे 22,11,000 मीटर आहे, आणि 20,97,152 च्या पुढे फ्लोटच्या दोन लगतच्या आकड्यांत 25 सेंटिमीटरचे अंतर असते. पूर्व निर्देशक सुमारे 3,73,000 मीटर असल्याने तिथे हेच अंतर जेमतेम 3 सेंटिमीटर राहते. म्हणून वरून पाहिल्यास बिंदू पूर्व-पश्चिम धावणाऱ्या ओळींत गोळा झालेले दिसतात. तुमचे पट्टे असेच असतील, तर निदान पक्के समजा. आणि लक्षात घ्या की एकदा फ्लोटमध्ये लिहिलेली अचूकता नंतर कितीही शिफ्ट वजा केली तरी परत मिळत नाही. मूळ फाइलपासूनच पुन्हा सुरुवात करावी लागेल.

यावर एलएएस हा फाइलप्रकार वापरणे हा उपाय योग्य आहे, मात्र त्याचाही एक सापळा आहे. एलएएसमध्ये निर्देशक 32 बिटच्या पूर्णांकात साठवले जातात आणि हेडरमधील स्केलने गुणून व ऑफसेट मिळवून खरा आकडा तयार होतो. स्केल 0.001 आणि ऑफसेट शून्य ठेवला, तर सर्वांत मोठा आकडा 21,47,483.647 मीटर एवढाच मावतो. ही मर्यादा साधारण 19.4 अंश अक्षांशावर येते, म्हणजे थेट महाराष्ट्रातून जाते! पुण्यात निमूट चालणारा कोड नाशिकला किंवा नागपूरला कोलमडतो. काही लायब्ररी त्रुटी दाखवून थांबतात, तर हाताने लिहिलेल्या कोडमध्ये 22,11,000 चे उणे 20,83,967 होऊ शकतात किंवा सगळे बिंदू एकाच किमान आकड्याला चिकटतात. एलएएस फाइल लिहिणारी लॅसपाय ही लायब्ररी वापरत असाल तर बिंदू भरण्याआधी हेडरमध्ये ऑफसेट 3,73,000 आणि 22,11,000 असा जवळचा पूर्ण आकडा द्या. भरलेल्या फाइलचा ऑफसेट बदलायचा असल्यास चेंज-स्केलिंग हे फंक्शन वापरा. साठवलेले पूर्णांक तसेच राहिले आणि हेडरमधला ऑफसेट तेवढा बदलला, तर संपूर्ण स्कॅन तितक्या अंतराने सरकतो.

आता ते किलोमीटर. वजाबाकी केलेल्या निर्देशकांवर काढलेली मॅट्रिक्स त्या छोट्या आकड्यांच्या शून्यबिंदूभोवती स्कॅन फिरवते. मूळ निर्देशकांना तीच लावली, की फिरवण्याचे केंद्र यूटीएमच्या शून्यबिंदूवर, विषुववृत्ताजवळ जाते. नाशिकहून ते सुमारे 22,42,000 मीटरवर आहे, त्यामुळे उभ्या अक्षाभोवतीचे 0.1 अंशाचे फिरणेसुद्धा स्कॅनला जवळजवळ चार किलोमीटर ढकलते. मॅट्रिक्स मूळ निर्देशकांसाठी हवी असेल, तर फिरवण्याचा भाग तसाच ठेवून सरकवण्याचा भाग असा बदलावा:

नवा सरकवण्याचा भाग = जुना भाग + शिफ्ट − (फिरवण्याचा भाग × शिफ्ट)

इथे शिफ्ट म्हणजे तुम्ही वजा केलेला आकडा. क्लाउडकंपेअरमध्ये चिन्ह उलटे असते, कारण तिथला ग्लोबल शिफ्ट निर्देशकांत मिळवला जातो आणि म्हणून तो सहसा उणे दिसतो. मी स्वतः हे सूत्र टाळतो: छोट्या आकड्यांवर मॅट्रिक्स लावतो, मग 64 बिटमध्ये शिफ्ट परत मिळवतो आणि लगेच एलएएस लिहितो. मधल्या टप्प्यावर पीसीडी ठेवायचीच असेल, तर ती छोट्या आकड्यांचीच ठेवावी.

तपासणीसाठी स्कॅनमधले ओळखू येणारे तीन-चार बिंदू, शक्यतो एकमेकांपासून दूरचे, निवडा आणि त्यांचे निर्देशक मूळ फाइलमध्ये, मॅट्रिक्स लावल्यावर, आणि सेव्ह केलेली फाइल त्याच स्क्रिप्टने पुन्हा वाचल्यावर असे मिलिमीटरपर्यंत छापा. सर्व बिंदूंत फरक सारखाच असेल तर शिफ्ट किंवा ऑफसेट हरवला आहे. अंतरानुसार फरक वाढत असेल तर मॅट्रिक्स दोनदा किंवा उलटी लागली आहे. आणि फरक 12.5 सेंटिमीटरच्या आत कसाही विखुरलेला असेल तर तो फ्लोटचा प्रसाद आहे. नुसत्या नजरेने हे तिन्ही वेगळे करणे अवघड जाते.

पीसीडीच्या हेडरमधली व्ह्यूपॉइंटची (स्कॅन घेतल्याचे स्थान आणि दिशा सांगणारी) ओळही एकदा वाचा. ती 0 0 0 1 0 0 0 अशी नसेल, तर काही प्रोग्रॅम ते स्थान बिंदूंना लावून दाखवतात आणि काही दुर्लक्ष करतात. तिथे क्वाटर्निअनचा (दिशा सांगणाऱ्या चार आकड्यांचा) अदिश भाग आधी येतो, सायपाय या पायथन लायब्ररीत मात्र तो मुळात शेवटी असतो. आणि क्लाउडकंपेअर फाइल उघडताना शिफ्ट सुचवते तेव्हा ती जरूर स्वीकारा, पण सेव्ह करताना शिफ्ट जपण्याची खूण काढू नका.