भाव ठरतो कसा? शालेय अर्थशास्त्राविषयी वाचकांचे प्रश्न

इंदूरच्या पालकांनी आणि शिक्षकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच या अंकात घेतले आहेत. सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे: मुलांनी आधी निर्णय घ्यावा, मग आकडेमोड करावी आणि व्याख्या सर्वात शेवटी यावी. लहान वयात निर्णय एकट्याचा असतो, मधल्या वयात दोन पक्षांचा, आणि पुढे साऱ्या व्यवस्थेचा.

मुलगी दुसरीत आहे. तिला अर्थशास्त्रातलं काय शिकवता येईल? खाऊचे पैसे द्यावेत का? (पालक, लोकमान्य नगर)

या वयात एकच गोष्ट पक्की करा: एक निवडलं की दुसरं सुटतं. २० रुपये हातात द्या आणि १० ते २० रुपयांच्या पाच वस्तू समोर ठेवा. तिनं निवड केल्यावर विचारा, “हे नसतं घेतलं, तर काय घेतलं असतंस?” त्या उत्तरात जी एक वस्तू येईल, तीच तिच्या निवडीची खरी किंमत. उरलेल्या चारही वस्तू त्यात धरायच्या नाहीत. अकरावीतली मुलंसुद्धा सगळ्या सुटलेल्या गोष्टींची बेरीज करतात, म्हणून ही सवय आत्ताच लागलेली बरी.

‘गरज की चैन’ अशा दोन रकान्यांत चित्रं चिकटवण्याचा उपक्रम आम्हाला पटत नाही. पहिल्या दोन पोळ्या गरज असतात, पाचवी नसते. वस्तू तीच असली तरी प्रमाणानुसार तिचं मोल बदलतं, आणि रकाने नेमकं हेच झाकून टाकतात.

खाऊचे पैसे जरूर द्या. वार ठरलेला असावा, रक्कमही ठरलेली असावी. बुधवारी संपले म्हणून गुरुवारी पुन्हा दिले, तर शिकण्यासारखं काही उरत नाही. गुणांशी किंवा घरकामाशी ही रक्कम जोडू नका. दहा वर्षं पूर्ण झाल्यावर मुलांना बचत खातं स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनं बँकांना दिली आहे. व्याजाचा विषय तेव्हा काढा, पासबुकातली नोंद दाखवून.

जीएसटी सहावी-सातवीला समजेल का? (शिक्षिका, टिळक नगर)

शेकडेवारी आली की समजतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि वह्यांवरचा शून्य झाला. करासह ११२ रुपयांचं शेवेचं पाकीट घ्या. निम्मी मुलं ११२ च्या १२ टक्के वजा करतात आणि तिथेच चुकतात. मूळ किंमत काढायला ११२ ला १.१२ ने भागायचं, म्हणजे १०० येतात. नवी किंमत १०५. घट ७ रुपयांची, पण ११२ वर ती ६.२५ टक्केच भरते. घरून जुनी-नवी पाकिटं आणायला सांगा. दुकानदारानं किंमत खरोखर किती उतरवली, हा पुढचा प्रश्न मुलं आपणहून विचारतात.

आठवीत मागणी-पुरवठ्याचा आलेख मुलं पाठ करतात, पण भाव कुठून येतो ते सांगता येत नाही. वर्गात ४० मुलं, तास ४० मिनिटांचा. (शिक्षक, सुदामा नगर)

आलेख आधी काढू नका, आधी बाजार भरवा. अमेरिकी अर्थतज्ज्ञ व्हर्नन स्मिथ यांनी अशाच प्रयोगांतून बाजार तपासले, आणि २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. शाळेसाठी त्याचं सोपं रूप असं:

दोन-दोन मुलांच्या वीस जोड्या करा. दहा जोड्या ग्राहक, दहा विक्रेते. प्रत्येक जोडीला एक चिठ्ठी. ग्राहकांच्या चिठ्ठ्यांवर ६०, ५५, ५० असं पाच-पाचनं उतरत १५ पर्यंत आकडे लिहा. त्याहून जास्त मोजायचं नाही. विक्रेत्यांच्या चिठ्ठ्यांवर १०, १५, २० असं चढत ५५ पर्यंत; त्याहून कमीत विकायचं नाही. माल एकच ठेवा, एक किलो बटाटे समजा. फेरी पाच मिनिटांची, प्रत्येक जोडीला एका फेरीत एकच सौदा. सौदा ठरला की दोघांनी फळ्याजवळ येऊन भाव सांगायचा आणि तो लगेच सर्वांना दिसेल असा मोठ्या अक्षरात लिहायचा. नियम सांगायला आठ मिनिटं ठेवा, मग तीन फेऱ्या घ्या, उरलेला वेळ चर्चेचा.

पहिल्या फेरीत भाव विखुरलेले असतात, पुढच्या फेऱ्यांत ते ३५ च्या आसपास गोळा होऊ लागतात. ३५ हा आकडा कुणालाच सांगितलेला नसतो. आता सगळ्या चिठ्ठ्या उघडा आणि ग्राहकांचे आकडे उतरत्या क्रमानं, विक्रेत्यांचे चढत्या क्रमानं फळ्यावर मांडा. सहाव्या जागी दोन्हींकडे ३५ येतात. याच ओळी जोडल्या की आलेख तयार होतो, आणि मुलांना तो आपल्याच चिठ्ठ्यांतून निघालेला दिसतो.

बिघडतं ते बहुतेक चार ठिकाणी. मुलं एकमेकांना चिठ्ठी दाखवतात, मग घासाघीस होतच नाही. मैत्रीखातर तोट्यात सौदा होतो. प्रत्येक जोडीनं आपला नफा वहीत लिहायचा असं ठरवलं की हे थांबतं. ३५ वाल्या दोन जोड्यांना नफा शून्य, म्हणून त्या नुसत्या उभ्या राहतात. प्रत्येक सौद्याला एक रुपया बक्षीस ठेवा. चौथी चूक शिक्षकाची असते: भाव भरकटलेला पाहून “जरा कमी मागा” असं सुचवणं. तेवढं टाळा, नाहीतर भाव गुरुजींनी ठरवला असंच मुलांच्या मनात राहील.

दुसऱ्या तासाला त्याच चिठ्ठ्यांवर विक्रेत्याला दर सौद्यामागे १० रुपये कर लावा. गणितानं भाव ४० येतो: ग्राहक ५ रुपये जास्त मोजतो, विक्रेत्याच्या हाती ३० उरतात. मग तोच कर ग्राहकाकडून घ्या. भाव ३० वर येतो, पण कर धरून ग्राहकाला ४० च पडतात आणि विक्रेत्याला ३० च मिळतात. कर कागदोपत्री कुणावर लावला यानं त्याचा भार ठरत नाही. वेळ कमी असेल तर बाकी काहीही गाळा, हा भाग गाळू नका.

दहावीची मुलं विचारतात, सोयाबीनचा हमीभाव जाहीर झालेला असतो, तरी मंडीत भाव त्याखाली कसा जातो? (रविवारच्या अभ्यासवर्गाचे चालक, राजेंद्र नगर)

माळव्यातल्या मुलांनी हा प्रश्न विचारायलाच हवा. वरच्याच चिठ्ठ्या वापरा. भाव ४५ च्या खाली उतरू द्यायचा नाही असं सांगा. घ्यायला चारच ग्राहक उरतात, विकायला आठ विक्रेते येतात, चारांचा माल पडून राहतो. तो कुणीतरी विकत घेतला तरच ४५ टिकतात. व्यापाऱ्यावर हमीभावाचं बंधन नसतं, म्हणून सरकार पुरेशी खरेदी करत नाही तिथे मंडीतला भाव त्याखाली उतरतो.

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. धरलेला उत्पादनखर्च ३,५५२, त्याची दीडपट ५,३२८. हे मुलांकडूनच करून घ्या. या खर्चात शेतकऱ्यानं प्रत्यक्ष केलेला खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाचं मोल येतं. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचं (यंत्रं, अवजारं) व्याज येत नाही. शेतकरी संघटनांचा वाद नेमका इथेच आहे, आणि तो दहावीच्या वर्गात यावा असं आमचं मत आहे.

मध्य प्रदेशात २०२५ मध्ये सोयाबीनसाठी भावांतर योजना आली. तिच्यात सरकार माल घेत नाही, हमीभाव आणि मंडीचा दर यांतला फरक देतं. मंडीच्या सरासरीवरून काढलेला आदर्श दर समजा ४,१०० असेल, तर फरक १,२२८. एखाद्याचा माल ३,८०० ला गेला, तरी फरक तेवढाच मिळणार. त्याच्या हाती एकूण ५,०२८ येतात. हमीभावापेक्षा ३०० कमी का पडले, हे मुलांना शोधू द्या.

अकरावीच्या सांख्यिकीत निर्देशांक मुलांना सूत्रासारखा वाटतो. महागाईशी जोडायचा कसा? (पालक, स्नेहलता गंज)

मुलांनाच वस्तू आणि महिन्याचं प्रमाण ठरवू द्या. नमुना म्हणून: दूध ३० लिटर, ६० वरून ६६ रुपये, पोह्यांच्या ८ प्लेटा, २० वरून ३०, वह्या ४, ५० वरून ४५, बसच्या ४० फेऱ्या, १० वर स्थिर. आधीचा खर्च २,५६०, आताचा २,८००. निर्देशांक, म्हणजे आताचा खर्च आधीच्या खर्चाच्या किती टक्के, १०९.४. आता चारही वस्तूंच्या वेगवेगळ्या निर्देशांकांची (११०, १५०, ९०, १००) साधी सरासरी काढायला लावा: ११२.५ येते. फरक पोह्यांमुळे पडला. त्यांचा भाव दीडपट झाला, पण खर्चात त्यांचा वाटा थोडा. साध्या सरासरीनं त्यांना दुधाच्या बरोबरीनं बसवलं.

पुढच्या वर्षी निर्देशांक ११४ झाला तर महागाई किती? बरीच मुलं ४.६ लिहितात. तो निर्देशांकातला फरक झाला; महागाईचा दर ४.६ ला १०९.४ नं भागून मिळतो, ४.२ टक्के. आणि ९.४ वरून ४.२ वर आलेली महागाई म्हणजे स्वस्ताई नव्हे, भाव चढतच आहेत. हे पुन्हा पुन्हा विचारावं लागतं, कारण ‘महागाई घटली’ असा मथळा वाचून मोठी माणसंही भाव उतरले असंच समजतात.