बिझनेस जेटचं एक इंजिन हवेत बंद पडलं तर पायलट पहिल्यांदा काय करतो?

तुम्ही विचारलंय की सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, उडालेल्या छोट्या जेटचं एक इंजिन वर गेल्यावर बंद पडलं तर विमान पडतं का, आणि पायलट पहिल्यांदा कशाला हात घालतो. मी मुतग्याचा, त्या विमानतळाजवळच्या गावचा. बरीच वर्षं दोन इंजिनांची बिझनेस जेट चालवतोय आणि हा प्रसंग एकदा खरोखर निभावलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विमान पडत नाही. एका इंजिनावर ते चढतं, वळतं, उतरतं. आणि पायलट पहिल्यांदा कशालाच हात घालत नाही, आधी पाय कामाला लागतात. बंद इंजिनाच्या बाजूला नाक वळायला लागतं, ते रडरनं, म्हणजे शेपटीवरच्या पायानं हलवायच्या उभ्या पात्यानं, सरळ करायचं. या विमानांची इंजिनं शेपटीजवळ, अंगाला चिकटून असतात, त्यामुळं हा झटका पंखाखालच्या इंजिनांपेक्षा सौम्य असतो.

सगळ्यात कठीण वेळ उड्डाणाची. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास आहे. एप्रिलच्या दुपारी तिथली हवा विरळ होते आणि इंजिनाचा जोर घटतो. धावताना एक ठरलेला वेग असतो, व्ही-वन. त्याच्या आधी बिघाड झाला तर ब्रेक, नंतर झाला तर उडायचंच. चाकं वर घेतल्यावर एका इंजिनावर विमानानं दर हजार मीटरला निदान २४ मीटर चढलं पाहिजे, असा नियम आहे. ते गणित जमत नसेल तर आम्ही उडण्याआधीच इंधन किंवा माणसं कमी करतो. आणि जमिनीपासून साधारण ४०० फुटांपर्यंत फक्त विमान उडवायचं, दुसरं काही नाही. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये हेच आमच्याकडून घोटून घेतात.

हे एवढं घोटून का घेतात, तर माणूस घाईत बिघडलेलं सोडून चांगलं इंजिनच बंद करतो. १९८९ मध्ये इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ पडलेल्या विमानात बिघाड डाव्या इंजिनात होता आणि उजवं बंद केलं गेलं, ४७ माणसं गेली. २०१५ मध्ये तैपेईला एका एटीआर या पंख्याच्या प्रवासी विमानाचं तेच झालं. हे पायलट अडाणी नव्हते.

आता माझा प्रसंग. जुलै महिना, बंगळूरहून मुंबईला निघालेलो, उंची ३६ हजार फूट, मागं तीन प्रवासी. हुबळी नुकतीच मागं पडली होती. उजव्या इंजिनाचा ऑइल प्रेशरचा आकडा हळूहळू उतरायला लागला आणि मग लाल झाला. आवाज नाही, हादरा नाही. मी को-पायलट होतो. माझा हात आपोआप पुढं गेला. कॅप्टन साहेब एवढंच म्हणाले, "थांब. आधी वाच."

मी चेकलिस्ट काढली. साहेबांनी डावा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, मुठीत धरून ठेवला, तो चुकूनही हलू नये म्हणून. मी उजव्यावर बोट ठेवून विचारलं, "उजवं?" त्यांनी आकड्यांकडं बघितलं, माझ्या बोटाकडं बघितलं. "उजवं. बरोबर." मग थ्रॉटल सावकाश मागं घेतला, त्याच बाजूचे आकडे उतरताहेत याची खात्री केली आणि इंधन तोडलं. इंजिन नुसतं विझलं असतं तर ठरावीक उंची आणि वेगात येऊन ते पुन्हा पेटवून बघता येतं. तेलच नसेल किंवा आग लागली असेल तर तो विचारही करायचा नाही.

एका इंजिनावर ३६ हजार फूट टिकत नाहीत, विमान सावकाश खाली यायला लागतं. आपल्याकडं त्याची भीती नाही, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरच आहे. मेडे, म्हणजे संकटाची हाक, दिला आणि रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपाँडरवर ७७०० हा आणीबाणीचा आकडा लावला.

उतरायचं कुठं? बेळगाव नाकासमोर होतं. ज्या धावपट्टीचे दिवे मी लहानपणी शेतातून बघायचो तीच. पण ढग जमिनीला टेकले होते, पाऊस सुरू होता. एका इंजिनावर धावपट्टी दिसली नाही म्हणून परत वर उचलायची वेळ येणं कुणालाच नको असतं. हुबळीत ढग उंच होते. साहेबांनी विचारलं, "तुझं गाव आहे, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "हुबळी, सर." विमान मागं वळवलं.

मग साहेब मागच्या लोकांशी बोलले. एक इंजिन आम्ही बंद केलंय, दुसरं ठीक आहे, थोड्या वेळात हुबळीला उतरतोय, एवढंच, नेहमीच्या आवाजात. फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांमागून खाली येणाऱ्या पट्ट्या, नेहमीपेक्षा कमी, वेग थोडा जास्त, आणि रिव्हर्स, म्हणजे विमान थांबवायला इंजिनाचा उलटा जोर, एकाच बाजूचा मिळणार, म्हणून टेकल्यावर विमान एका बाजूला ओढणार हे आधीच एकमेकांना सांगून ठेवलं. धावपट्टीच्या कडेनं फायरच्या गाड्या आमच्याबरोबर धावत होत्या.

थांबल्यावर खाली उतरून बघितलं. उजव्या इंजिनाच्या झाकणाखालून शेपटीपर्यंत तेलाचा काळपट ओघळ गेला होता, त्यातून अजून थेंब पडत होते.