काळजी धाकट्याची, रिपोर्ट ताईचा

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याला लागून, जिना चढून गेलं की माझी आहार-सल्ल्याची छोटी खोली आहे. तिथं सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘काही म्हणजे काही खात नाही बघा मॅडम.’ त्या दिवशीही तेच. आई, आजी, सव्वाचार वर्षांचा धाकटा आणि शाळेला दांडी मारून सोबत आलेली, तेरा वर्षांची ताई. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.)

“चिमणीएवढं पण पोटात जात नाही ओ,” आजी म्हणाल्या. “अर्धी चपाती, तीही मोबाईल लावला तर. लहानपणी कसा गुटगुटीत होता.”

मी फाईल उघडली. वजन १५.४ किलो, उंची १०१ सेंटीमीटर, वर्षभरात पावणेदोन किलो आणि सहा सेंटीमीटरची वाढ. तक्त्यावरची त्याची रेघ पहिल्यापासून आपल्या वाटेनं चाललेली. पोरगं खोलीभर उड्या मारत होतं.

आजींना मी हिशेब घालून दाखवला. तीन किलोचं बाळ वर्षात नऊ किलोचं होतं, म्हणजे एका वर्षात सहा किलो. त्याच वेगानं वाढत राहिलं असतं, तर आज हे साडेअठ्ठावीस किलोचं झालं असतं, तिसरी-चौथीतल्या मुलाएवढं! दुसऱ्या वर्षापासून वाढीचा वेग उतरतो, पुढं वयात येईपर्यंत वर्षाला साधारण दोन किलो आणि पाच-सहा सेंटीमीटर. वाढ मंदावली की भूकही मंदावते. त्याला आजार म्हणत नाहीत.

मग दूध विचारलं. म्हशीचं, पाव लिटरचे तीन ग्लास, साखर आणि चॉकलेटची पावडर घालून. “जेवत नाही, निदान दूध तरी जाऊ दे पोटात,” आई म्हणाली. पाऊण लिटर म्हशीच्या दुधातून साडेसातशेच्या आसपास कॅलरी मिळतात, वर साखर. या वयाला दिवसभराची गरज साधारण १,३६० कॅलरींची. निम्म्याहून जास्त पोट ग्लासातच भरल्यावर चपातीला जागा कुठली? त्यात दुधात लोह नावालाच असतं, म्हणून दुधावर वाढणारी गुटगुटीत मुलंही रक्तानं कमी निघतात.

इथंच मी तक्ता लिहून देऊन त्यांना वाटेला लावलं असतं. सुरुवातीच्या वर्षांत असं केलंय मी, लपवत नाही. पण वर येताना एका जिन्यात ताईला धाप लागली होती, ती माझ्या डोक्यातून जात नव्हती. पोर कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली, ओठ फिके. कुर्त्याच्या बाह्या मनगटाच्या वर आलेल्या.

“उंची वाढली वाटतं?”

“वाढली म्हणजे! जूनपासून दोनदा ड्रेस शिवला,” आई कौतुकानं म्हणाली. पाळी सुरू होऊन पाच महिने झाले होते, अंगावरून बरंच जायचं. सकाळी साडेसहाला नुसता चहा पिऊन शाळा. डबा अर्धा परत. संध्याकाळी वेफर्स, रात्री एक चपाती. वर्गात कुणी तरी ‘जाडी’ म्हणालं होतं, म्हणून. दूध नाही, कारण ते धाकट्याचं. रविवारी मटण होतं, पण नळी बाबांना, कलेजी धाकट्याला. हिच्या ताटात रस्सा.

“माती, खडू, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटतं का गं?”

ती खाली बघायला लागली. उत्तर आजींनी दिलं. “तांदळाच्या डब्याला कुलूप लावायची पाळी आलीय. सांगून दमले, लग्नात पाऊस पडेल म्हणून.”

डॉक्टरांनी लगेच रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.१ आलं. या वयात ते निदान १२ तरी हवं. तांदळाची ती ओढ म्हणजे खोड नव्हे, लोहाच्या कमतरतेची ती एक नेहमीची खूण आहे.

घरात बाळानंतर इतक्या वेगानं वाढणारं दुसरं कुणी असेल, तर ते म्हणजे वयात येणारं मूल. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास वर्षाला आठेक सेंटीमीटर वाढतात, मुलं चौदाव्याच्या आसपास त्याहून थोडी जास्त. रक्त वाढतं, हाडं भरतात, मुलींची पाळी सुरू होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार धाकट्याला रोज ११ मिलिग्रॅम लोह पुरतं, ताईला मात्र ३० लागतं. कॅल्शियम त्याला ५५०, हिला १,०००. आणि घरात वाटप नेमकं उलटं!

शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती कंपासपेटीत साठवत होती, मैत्रिणीला मळमळलं म्हणून. ती गोळी कमतरता होऊ नये म्हणून असते. आता डॉक्टरांनी उपचाराचा डोस आणि जंताची गोळी दिली. मी वेळ ठरवून दिली: रात्री जेवल्यावर, लिंबूपाण्याबरोबर. चहा-दुधाबरोबर नाही. शी काळी होईल, घाबरायचं नाही.

बाकी मोठा तक्ता दिलाच नाही. एक ग्लास धाकट्याकडून ताईकडे. त्याचे उरलेले दोन ग्लास म्हणजे दोन लहान कप, बिनसाखरेचे, जेवणापासून लांब. त्याच्यापुढं ताट ठेवायचं, वीस मिनिटांनी उचलायचं. किती खायचं ते तो ठरवेल. मोबाईल बंद. ताईच्या डब्यात मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ आणि लिंबाची फोड, सकाळी चहाऐवजी नाचणीची आंबील. (गुळानं रक्त वाढतं, हा आजींचा विश्वास मी मोडला नाही. अळिवाच्या लाडवात गूळ असतोच.) कलेजीचे दोन वाटे करायचे.

“पोराच्या तोंडचा घास काढायचा होय?” आजी फणकारल्या. आई काही बोलली नाही, रिपोर्टवरचा आकडा पुन्हा वाचत राहिली.

पहिले चार दिवस धाकट्यानं घर डोक्यावर घेतलं, असं आईनं फोनवर सांगितलं. तीन महिन्यांनी सगळे परत आले. ताईचं हिमोग्लोबिन ११.६, गोळ्या अजून चालू ठेवायच्या होत्या. तांदळाचा डबा मात्र बिनकुलपाचा झाला होता.

“ते सगळं बरोबर ओ मॅडम,” आजी खुर्चीत नीट बसत म्हणाल्या, “पण हे अजून अर्धीच चपाती खातंय.”

मी त्याला काट्यावर उभं केलं. १५.९.