निन्टेन्डो स्विच हे गेम खेळायचं यंत्र सेकंडहँड घेतलंय. ईशॉपवरचे, म्हणजे निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानातले, नवे गेम डाउनलोड करून घ्यावेत की कार्ट्रिजच (यंत्रात घालायची गेमची कॅसेट) बरी? दुकान बंद पडलं तर पैसे बुडतात का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीत आहे, स्विच ओळखीतून मिळाला आणि विकणाऱ्याने त्यात 'चाळीस गेम भरून' दिलेत. बाकीचं नंतर. आधी त्या चाळीस गेमचं बघू, कारण मी तिथेच फसलो होतो.

डाउनलोड केलेला गेम यंत्राचा नसतो, खात्याचा असतो. त्यामुळे 'भरून दिलेत' याचे दोनच अर्थ निघतात. एक म्हणजे विकणाऱ्याचं स्वतःचं खातं अजून तुमच्या स्विचमध्ये आहे आणि गेम त्याच्या नावावर आहेत. तो उद्या नवा स्विच घेईल, सगळे गेम तिकडे वळवील आणि तुमच्या पडद्यावर नुसती चित्रं उरतील. दुसरा अर्थ वाईट. यंत्राचं कुलूप फोडून चोरीचे गेम घातलेत. असं यंत्र इंटरनेटवर गेलं की निन्टेन्डो ते ओळखून कायमचं बाद करू शकते, आणि ही बंदी यंत्रावर असते. नवं खातं काढून ती उठत नाही.

माझ्या बाबतीत पहिला प्रकार झाला. एका दुकानदाराला गेमचे म्हणून तीन हजार जास्त मोजले. दोन महिन्यांनी दिवाळीच्या सुट्टीत पुतणे जमले, स्विच टीव्हीला जोडला आणि एकही गेम उघडेना. दुकानदार फोनवर म्हणाला, "सर, ते तर फ्री होते." तेव्हा आजच ईशॉप उघडून बघा. उघडलं तर बंदी नाही, एवढं कळेल. मग विकणाऱ्याला सांगून त्याचं खातं काढायला लावा, यंत्र पूर्ण रिसेट करा आणि स्वतःच्या नावाने खातं काढा. चाळीस गेम जातील. जाऊ द्या, ते तुमचे नव्हतेच. आपल्याकडे बरेच जण खात्याचा देश अमेरिका ठेवतात आणि डॉलरच्या ईशॉप कार्डाचा कोड विकत घेऊन भरतात, मीही तेच करतो. फक्त खात्यात पैसे शिल्लक असताना देश बदलता येत नाही, म्हणून आधी नीट ठरवा.

आता दुकान बंद पडण्याची धास्ती. ती खरी आहे, पण पूर्ण खरी नाही.

२००८ साली माझ्या मामेभावाने न्यू जर्सीहून 'वी' (निन्टेन्डोचं जुनं गेमचं यंत्र) आणला. पहिल्याच संध्याकाळी मी त्याचा अमेरिकन अडॅप्टर सरळ आपल्या प्लगमध्ये खुपसला. तो १२० व्होल्टचा होता. वास अजून आठवतो. मग विटेएवढा जड स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणला आणि खेळ सुरू झाला. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत 'वीवेअर' सुरू झालं होतं, म्हणजे डिस्क नाही, फक्त डाउनलोडने मिळणारे छोटे नवे गेम. दर सोमवारी नवीन यायचे. मामेभाऊ वीस डॉलरचं पॉइंट कार्ड घेऊन, खरवडून, कोड ईमेलने पाठवायचा. आमच्याकडे बीएसएनएलचं २५६ केबीपीएसचं कनेक्शन होतं आणि रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट. मग काय, दोनचा गजर लावायचा. वीवेअरच्या गेमला ४० एमबीची मर्यादा होती, त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटांत काम व्हायचं. आई पाणी प्यायला उठायची आणि अंधारात टीव्हीच्या उजेडात बसलेला मी दिसलो की काही न बोलता परत जायची.

४० एमबी म्हणजे आज व्हॉट्सअॅपवर आलेला लग्नाचा व्हिडिओ. तेवढ्यात त्या लोकांनी काय काय बसवलं होतं! 'वर्ल्ड ऑफ गू' मुख्यतः दोन माणसांनी केला, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून. माझा सगळ्यात लाडका म्हणजे स्क्वेअर एनिक्सचा 'माय लाइफ अॅज अ किंग'. त्यात तुम्ही राजा, पण लढायला जायचं नाही. सकाळी माणसं मोहिमेवर पाठवायची, दिवसभर गावात हिंडून घरं बांधायची, लोकांची विचारपूस करायची आणि मोहिमेचे अहवाल वाचायचे. पाटीलकीचा गेम म्हणा ना. मर्यादेचा फटकाही बसायचा. 'सुपर मीट बॉय' वीवर येणार होता, तो ४० एमबीत मावेना म्हणून तिथे आलाच नाही.

मग २०१२च्या पावसाळ्यात आमचं छत गळलं आणि नेमकं टीव्हीच्या कोपऱ्यावर. वी गेला. तेव्हा कळलं की वीवरचे डाउनलोड गेम त्या एका यंत्राला बांधलेले असतात. दुसरा वी घेतला तरी ते आपोआप मागून येत नाहीत. पुढे २६ मार्च २०१८ला पॉइंट भरणं बंद झालं आणि ३० जानेवारी २०१९ला वीचं ऑनलाइन दुकानच मिटलं. 'माय लाइफ अॅज अ किंग' त्यानंतर दुसऱ्या कुठल्या यंत्रावर आला नाही. डिस्क असती तर पुसून, वाळवून, कुणाच्या तरी वीमध्ये घालून बघितली असती.

हे सांगून घाबरवायचं नाहीये. तुमची परिस्थिती माझ्यापेक्षा बरी आहे, कारण स्विचवर गेम खात्याला बांधलेले असतात. यंत्र बिघडलं तर दुसऱ्या यंत्रात खातं उघडायचं आणि परत उतरवायचे. दुकान बंद होतं तेव्हाही बहुधा एका झटक्यात सगळं जात नाही. थ्रीडीएस आणि वी यू या निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रांचं ईशॉप २७ मार्च २०२३ला बंद झालं, म्हणजे नवीन विकत घेणं बंद झालं. आधी घेतलेलं परत उतरवायची सोय त्यानंतरही ठेवली. सोनीने २०२१ साली पीएस३ आणि व्हिटा या आपल्या यंत्रांची दुकानं बंद करायची जाहीर केलं, लोकांनी एवढा आरडाओरडा केला की महिन्याच्या आत निर्णय फिरवला. खरं नुकसान त्याचं होतं ज्याने 'घेऊ कधीतरी' म्हणून टाळलं. थ्रीडीएसवर 'अटॅक ऑफ द फ्रायडे मॉन्स्टर्स' नावाचा एक गोड गेम होता. १९७१ सालचं टोकियोचं उपनगर, एक लहान मुलगा आणि दर शुक्रवारी येणारे राक्षस. मी तो चार वर्षं यादीत ठेवला. आता पैसे घेऊन उभा राहिलो तरी मिळत नाही.

तरी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. डाउनलोडमध्ये तुम्ही गेम विकत घेत नाही, खेळायची परवानगी घेता. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून तसा कायदाच आहे. ग्राहकाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट न सांगता ऑनलाइन दुकानाने 'विकत घ्या' असं लिहायचं नाही. आणि काही गेम घरी डिस्क असूनही मरतात. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम सतत सर्व्हरला जोडलेला असायचा. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद केले आणि डिस्क ही चहाच्या कपाखाली ठेवायची चकती झाली.

म्हणून 'कार्ट्रिजच बरी' हेही डोळे झाकून म्हणता येत नाही. माझ्या लहानपणी त्याला आम्ही कॅसेट म्हणायचो. फुंकर मारायची, खटकन बसवायची, चालू. अख्ख्या वाड्यात एक कॅसेट फिरायची आणि परत येताना हमखास दुसरीच यायची. आता स्विचच्या पुढच्या यंत्राला, म्हणजे स्विच २ला, 'गेम-की कार्ड' नावाचा प्रकार निघालाय. दिसायला कॅसेट, पण आत गेम नाही, फक्त किल्ली. गेम डाउनलोडच करायचा आणि खेळताना कार्डही घालून ठेवायचं. दोन्हीकडची गैरसोय एकत्र. डब्यावर पुढेच तशी सूचना असते, ती वाचून घ्या.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. निन्टेन्डोचे स्वतःचे मोठे गेम, म्हणजे मारिओ, झेल्डा वगैरे, कार्ट्रिजवर. ते ऑनलाइन क्वचितच फार स्वस्त होतात, पण कार्ट्रिज खेळून झाली की हजार-बाराशेच्या फरकाने पुढे विकता येते किंवा मित्राशी बदलता येते. नववीतल्या मुलाला हा व्यवहार आपसूक जमेल, वर्गात आणखी दोघांकडे स्विच असला म्हणजे झालं. छोटे गेम मात्र डाउनलोडच. त्यांची कार्ट्रिज निघालीच तर उशिरा आणि महाग निघते. साध्या स्विचमध्ये जागा ३२ जीबी, ओलेड पडद्याच्या स्विचमध्ये ६४, तेव्हा चांगल्या दुकानातून एक मेमरी कार्ड घ्या. रस्त्यावरचं दोनशे रुपयांचं '५१२ जीबी' नको.

ईशॉपवर दर आठवड्याला येणाऱ्या नव्या गेमच्या ढिगाचं काय? त्यातला बराचसा कचरा असतो. नावं प्रसिद्ध गेमसारखी, चित्रं कुठून तरी उचललेली आणि किंमत नव्वद टक्के उतरवून यादीत वर आणलेली. 'सवलत' या विभागापासून मुलाला चार हात लांब ठेवा, तिथल्या दहा भिकार गेमच्या पैशात एक उत्तम गेम येतो. डेमो असेल तर आधी डेमोच. ईशॉपवर एकदा घेतलं की पैसे परत मिळतील ही आशा धरू नका. आवडलेला गेम इच्छा-यादीत टाकून ठेवा, किंमत उतरली की कळतं.

मोठ्या गेमसाठी मी पहिल्या दिवशी कधीच धावत नाही. अपवाद एकदा केला. 'हॉलो नाइट'चा पुढचा भाग 'सिल्कसाँग' २०१९ साली जाहीर झाला होता आणि आला ४ सप्टेंबर २०२५ला. ऑस्ट्रेलियातल्या अगदी छोट्या चमूचा गेम, किंमत वीस डॉलर. आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होणार होता. गणपतीचे दिवस, सोसायटीत साडेसातला आरती. इकडे निन्टेन्डो, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्टीम, सगळीकडची दुकानं गर्दीने अडखळली होती. मी शांतपणे आरतीला गेलो, प्रसाद वाटला, वर आलो आणि थोड्या वेळाने गेम मिळाला. गेम भयंकर अवघड आहे. मुलाच्या हातात आधी पहिला भाग द्या, तोही कठीण आहेच.

आपल्या मुलाला दाखवावा असा एक मात्र आवर्जून घ्या: 'राजी, अॅन एन्शंट एपिक'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो फसला, तरी काम सोडलं नाही. १८ ऑगस्ट २०२०ला तो जाहीर होता होताच स्विचवर उपलब्ध झाला, बाकीच्या यंत्रांवर दोन महिन्यांनी. सर्कशीत काम करणारी एक अनाथ मुलगी, तिचा राक्षसांनी पळवलेला भाऊ, आणि गोष्ट सांगायला विष्णू आणि दुर्गा, तेही एकमेकांना टोमणे मारत. मधले प्रसंग बाहुल्यांच्या सावल्यांनी दाखवलेत. राजवाड्याच्या भिंतीवरची चित्रं बघत मी लढाई विसरून उभा राहायचो. चार-पाच तासांत संपतो, आणि मला ते आवडलं, परीक्षेच्या वर्षात तर आणखी बरं. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन होतं. नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आले.

तो संपला की 'वेन्बा'. कॅनडात स्थायिक झालेलं तमिळ कुटुंब, आईच्या फाटक्या वहीतल्या अर्धवट पुसलेल्या पाककृती, आणि इडली कशी लावायची हे खेळाडूने ओळखायचं. दीड तासाचा आहे. मुलाबरोबर तुम्हीही बसा, आणि त्याच्या आईलाही बसवा, इडलीपात्रात थर कसे रचायचे यावर घरात वाद होईल.

एक राहिलं. तुमचा स्विच अमेरिकेतून आलेला असेल तर अडॅप्टरची काळजी नको, तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो. फक्त पिनेला कन्व्हर्टर लागेल, ढिला घेऊ नका.