दोन बॅगांत मावेल का संसार?

प्रश्न: ताई, आम्ही दोघं चर्चतर्फे परदेशात मिशनसेवेला जायचं म्हणतोय, पण घर, गाडी सोडून मन रमेल का?

उत्तर: अगं, निघायच्या आधीच सवय करून बघा. चीनमध्ये सेवा करणारे इंग्रज मिशनरी हडसन टेलर १८५४ ला शांघायला पोचले ना, त्याआधी इंग्लंडात हल नावाच्या शहरात एका छोट्या खोलीत ओट्स आणि भातावर राहायचे, कमाईतलं बरंचसं वाटून टाकायचे, आणि स्वतःवर खर्च कमी केला तसा आनंद वाढला हे त्यांना तिथेच उमगलं. मी मिशनवर गेले तेव्हा सुरुवातीला खूप रडले गं, मग एकदा रात्री लाईट गेली, शेजारच्या आजी कंदील घेऊन आल्या, एकमेकींची भाषा येत नव्हती तरी माझा हात धरून तासभर बसल्या. त्या रात्री शांत झोप लागली. एक कपाट आजच रिकामं करा.