पिकअपला पुढची चाकं चालवायची आहेत? आधी मापं घ्या

मागच्या चाकांवर चालणारी पिकअप घरच्या घरी फोर-व्हील ड्राइव्ह करणाऱ्यांचे प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण घोळ एकच असतो. भाग आधी आणले जातात आणि मापं नंतर घेतली जातात. मग जे बसत नाही ते कापायचं आणि जे पुरत नाही ते जोडायचं. त्यामुळे वारंवार येणारे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: विकणारा म्हणतो, माझ्या गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी) 'नुसते बोल्ट लावून' बसेल. खरं का?

बहुतेक वेळा नाही. टू-व्हील गिअरबॉक्सचं मागचं हाउसिंग आणि आउटपुट शाफ्ट दोन्ही वेगळे असतात. लांबी जुळत नाही, स्प्लाइनही (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) जुळत नाहीत. त्याच मालिकेतल्या फोर-व्हील गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि हाउसिंग मिळालं तर गिअरबॉक्स उघडून ते बदलता येतं. हे काम गिअरबॉक्सवाल्याचं आहे. विकणाऱ्याला एकच विचारा: दोन्ही बाजूंचे स्प्लाइन किती आणि शाफ्टचा व्यास किती? आकडे सांगता आले नाहीत तर पैसे देऊ नका.

दुसरा मार्ग म्हणजे गिअरबॉक्सला हात न लावता ट्रान्सफर केस मागे चेसीवर स्वतंत्र बसवायची आणि मध्ये आखूड शाफ्ट द्यायचा. हे सोपं वाटतं, पण हिशोब करा. समजा इंजिनचा टॉर्क 300 न्यूटन-मीटर आहे आणि पहिला गिअर 4 चा. केसमध्ये 1,200 येतो. लो रेंज (केसमधला हळू गिअर) 2.5 ची असेल तर बाहेर 3,000 जातो. मधला 1,800 चा फरक केसच्या माउंटिंगलाच धरून ठेवावा लागतो. दोन बोल्टांवर टांगलेली केस पहिल्याच चढावर वळते, आखूड शाफ्टचा कोन बिघडतो आणि क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा) तुटतो. माउंटिंग रुंद हवं आणि चेसीच्या दोन्ही लांब पट्ट्यांना धरणारं हवं. ते बोल्ट काढून खाली उतरवता आलं पाहिजे, नाहीतर पुढे क्लच बदलताना ते कापावं लागेल.

प्रश्न: मागचा डिफरेन्शिअल 3.73 चा आहे (शाफ्टच्या 3.73 फेऱ्यांना चाकाची एक), मिळालेला पुढचा ॲक्सल 4.10 चा. चिखलात एवढा फरक चालतो असं ऐकलं.

चालत नाही. फरक जवळजवळ 10 टक्क्यांचा आहे. दर 100 मीटरला एका ॲक्सलची चाकं सुमारे 10 मीटर घसरत न्यावी लागतील. 4.10 आणि 4.11 ची जोडी चालते, कारण तिथे फरक पाव टक्का आहे. ॲक्सलवरच्या पत्र्यावर किंवा खडूने लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका, झाकण उघडून दात मोजा. क्राउनला (मोठ्या चक्राला) 41 आणि पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या लहान चक्राला) 11 दात म्हणजे 3.73, 41 आणि 10 म्हणजे 4.10, 37 आणि 9 म्हणजे 4.11. टायर लहान-मोठे लावून रेशो जुळवण्याचा सल्ला कोणी दिला असेल तर तो सोडून द्या.

प्रश्न: ट्रान्सफर केसचं पुढचं तोंड उजवीकडे आहे आणि ॲक्सलचा गोळा (डिफरेन्शिअलचं हाउसिंग) डावीकडे. ॲक्सल पालथा केला तर?

पुढची चाकं उलटी फिरतील. दोन्हींची बाजू एकच लागते, त्यामुळे ॲक्सल घेण्याआधी केस ठरवा.

प्रश्न: पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठका ॲक्सल ट्यूबवर पक्क्या वेल्ड केल्या. आता ॲक्सल शाफ्ट आत जाताना अडकतो.

ट्यूब वाकली आहे. वेल्ड थंड होताना आकसतो आणि ट्यूबला स्वतःकडे ओढतो. बैठका वरच्या बाजूला असतील तर ट्यूबची टोकं वर उचलली जातात आणि चाकांचे माथे आत झुकतात. एका बाजूने अखंड वेल्ड मारला की हे होणारच.

पुढच्या वेळचा क्रम असा. शाफ्ट, सील, बेअरिंग सगळं आधी बाहेर काढा. बैठकांना फक्त टाके (छोटे तात्पुरते वेल्ड) मारा. मग ॲक्सल गाडीखाली घाला, इंजिन-गिअरबॉक्स जागेवर ठेवा, पाट्यांवर पूर्ण वजन येऊ द्या आणि चाकं जमिनीवर असतानाच पिनियनचा आणि नकलचा (ॲक्सलच्या टोकाला चाक धरून वळणाऱ्या भागाचा) कोन मोजा. गाडी स्टँडवर उचललेली असताना पाटे लोंबतात. तेव्हा घेतलेलं माप निरुपयोगी असतं. कोन पटले की ॲक्सल परत काढा आणि पक्का वेल्ड तुकड्यांनी करा: एका वेळी 25 मिलिमीटर, मग समोरची बाजू, मग दुसरी बैठक, आणि मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. पाणी ओतून थंड करू नका.

मधला गोळा ओतीव असतो आणि ट्यूब त्यात दाबून बसवलेल्या असतात. ओतीव भागावर साधा वेल्ड मारला की कडेने चीर जाते. त्याला आधी तापवणं, योग्य रॉड आणि सावकाश थंड करणं लागतं. ते ओतीव लोखंडाचं काम करणाऱ्या वेल्डरकडे द्या. आत्ता वाकलेली ट्यूब जॅक लावून अंदाजाने सरळ करू नका. ज्यांच्याकडे हाउसिंगमधून आरपार जाणारा सरळ दांडा आहे, त्यांच्याकडेच ती तपासून घ्या.

गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरीची तार काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यांना डाग पडतात. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग अजिबात नको. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

प्रश्न: पुढच्या ॲक्सलवर पाट्याखाली लोखंडी ठोकळे ठेवून उंची वाढवू का?

पुढे ठोकळे कधीही नाही.

प्रश्न: जुने यू-बोल्ट चांगले दिसतात. परत वापरू का?

नवे घ्या. एकदा ताणलेले आटे पुन्हा तेवढी पकड देत नाहीत.

प्रश्न: पुढचा इंडिपेंडंट सस्पेन्शन काढून सॉलिड ॲक्सल टाकला. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची ओढ चाकांपर्यंत नेणारी दांडी) आखूड पडली म्हणून मध्ये तुकडा घालून घरीच वेल्ड केली. आता साठच्या पुढे स्टिअरिंग जोरात थरथरतं. डॅम्परने (स्टिअरिंगचे धक्के शोषणाऱ्या भागाने) हे बरं होतं असं दुकानदार सांगतो. कोणता घेऊ?

कोणताही घेऊ नका आणि ही गाडी आजपासून रस्त्यावर आणू नका. या कामात दोन स्वतंत्र चुका आहेत आणि डॅम्पर त्यातली एकही दुरुस्त करत नाही.

पहिली ड्रॅग लिंकची. इतर बहुतेक वेल्ड तुटले तर गाडी थांबते; हा तुटला तर गाडी चालू राहते आणि चाकं मोकळी होतात. टोकाला टोक लावून वेल्ड केलेली दांडी प्रत्येक वळणावर कधी ताणली जाते, कधी दाबली जाते. चीर आतून, मुळाशी सुरू होते आणि बाहेरून शेवटच्या दिवसापर्यंत सुबक दिसते. वेल्ड छान उतरला आहे, हा काही पुरावा नव्हे. घडीव स्टिअरिंग आर्म, पिटमन आर्म, नकल यांना गरम करून वाकवणंही तितकंच वाईट, कारण त्यांचं हीट ट्रीटमेंट तिथल्या तिथे जातं. मापाची दांडी हवी असेल तर जाड भिंतीची अखंड ट्यूब, एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे, आणि टायरॉड एंड (दांडीच्या टोकाचा गोल सांधा) किमान आपल्या आट्यांच्या व्यासाच्या दीडपट आत गेलेला, अशी स्टिअरिंगचं काम करणाऱ्यांकडून बनवून घ्या. दांडी शक्य तितकी आडवी बसली पाहिजे. ती तिरपी असेल तर पाटा दबला की चाक आपोआप वळतं. जुना स्टिअरिंग रॅक चेसीवरच ठेवून सॉलिड ॲक्सलला जोडला असेल तर हेच होतं. तिथे स्टिअरिंग बॉक्स लागतो. बॉक्सचे बोल्ट चेसीच्या पोकळ पट्टीतून आरपार जातात, म्हणून आत नळीचे तुकडे वेल्ड करून घ्यावे लागतात. नाहीतर आवळताना पट्टी चेपते, बोल्ट सैल होतात आणि आजूबाजूच्या पत्र्याला चिरा जातात.

दुसरी कॅस्टरची, म्हणजे नकलच्या झुकण्याच्या कोनाची. नकलचा वरचा बिंदू मागे झुकलेला हवा, सॉलिड ॲक्सलला साधारण 4 ते 6 अंश. शाफ्टचा कोन सोपा व्हावा म्हणून पिनियन वर उचललं की तेवढेच अंश कॅस्टरमधून वजा होतात, कारण दोन्ही एकाच हाउसिंगला जखडलेले आहेत. पिनियन 5 अंश उचललं असेल तर तुमच्याकडे कॅस्टर उरलेलाच नाही. पाट्याखाली पाचर घातली तरी दोन्ही कोन एकत्रच बदलतात. ते वेगळे करायचे तर ट्यूबच्या टोकाचा नकल धरणारा भाग सोडवून फिरवावा लागतो. ते घरचं काम नाही.

थरथरीची कारणं तपासायचा क्रम: टायरॉड एंडची ढिलाई, बॉल जॉइंट किंवा किंग पिन, चाकाचं बेअरिंग, पाट्यांचे बुश, टायरचा बॅलन्स, मग कॅस्टर. हे सगळं नीट असलेल्या गाडीला डॅम्पर धक्के कमी करायला उपयोगी पडतो. ढिल्या गाडीवर तो फक्त लक्षण झाकतो आणि तोवर सांधे आणखी झिजतात. 'थरथर बंद, हमखास' असं लिहून डॅम्पर विकणाऱ्यांनी गाडीखाली वाकून पाहिलेलं नसतं. दांडी बदला आणि मगच अलाइनमेंटवाल्याकडून कॅस्टरचा आकडा कागदावर घ्या.

प्रश्न: मागचा प्रॉपेलर शाफ्ट आखूड करून घेतला. ठरावीक वेगाला गुणगुणतो.

दोन शक्यता आहेत. एक म्हणजे बॅलन्स. कापून जोडलेला शाफ्ट मशीनवर फिरवून बॅलन्स झालाच पाहिजे. दुसरी म्हणजे कोन. तिरप्या क्रॉसमुळे शाफ्टचा वेग दर फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो रद्द करतो, पण दोन्ही कोन एका अंशाच्या आत सारखे असले आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारी टोकं) एका रेषेत असले तरच. सतत फिरणाऱ्या मागच्या शाफ्टला 3 अंशांपर्यंत ठेवा. शून्यही नको, क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी बसून खड्डे पाडतात. पुढच्या शाफ्टचा कोन मोठा असेल तर केसकडे डबल क्रॉस (दोन क्रॉस जोडलेला सांधा) लागेल आणि मग पिनियन शाफ्टच्या जवळपास सरळ रेषेत हवं.

पाटा पूर्ण दबल्यावर सरकत्या सांध्यात 20-25 मिलिमीटर मोकळीक उरते का, हेही बघा. शॅकल (पाट्याचं टोक चेसीला धरणारी हलती कडी) पुढच्या पाट्याच्या मागच्या टोकाला असेल तर पुढचा ॲक्सल दबताना मागे, केसकडे येतो. मोकळीक संपली की शाफ्ट केसच्या बेअरिंगवर घाव घालतो.

प्रश्न: नव्या ॲक्सलचे ब्रेक जुन्या मास्टर सिलिंडरवर चालतील?

कॅलिपरचे पिस्टन मोठे असतील तर पेडल खोल जाईल आणि पुढचा-मागचा तोलही बदलेल. मापं घेऊन ब्रेकतज्ज्ञाला विचारा. होज पाटा पूर्ण लोंबताना आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून, दोन्ही वेळा ताणला जात नाही ना ते पाहा. नळी कमी पडली तर कॉम्प्रेशन फिटिंगने जोडू नका, अखंड बनवून घ्या. जुन्या हबला एबीएसचे (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर असतील आणि नव्याला नसतील, तर एबीएस गेलाच.

प्रश्न: कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून ठेवली तर पकड वाढते का?

नाही. मध्ये डिफरेन्शिअल नसलेल्या केसमध्ये वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात, तो फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो आणि क्रॉस किंवा केस तोडतो. घसरत्या जमिनीवरच वापरा.

प्रश्न: परवानगी आणि विमा काम झाल्यावर बघितलं तर चालेल ना?

पहिला तुकडा कापण्याआधी बघा. ॲक्सल, स्टिअरिंग आणि ब्रेक बदलणं म्हणजे गाडीच्या रचनेत बदल. नोंदणी कार्यालय आणि विमा कंपनी दोघांकडून लेखी उत्तर घ्या. तपासणाऱ्या अभियंत्याला वेल्डच्या आतले टप्पे पाहायचे असू शकतात आणि रंग मारल्यावर ते दाखवता येत नाहीत. परवानगी मिळाल्यावर पहिली फेरी बंद मैदानात, चालण्याच्या वेगाने घ्या. दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण वळवा. एक चाक उंचवट्यावर चढवून डिफरेन्शिअल आणि इंजिनचा ऑइल पॅन यांच्या मध्ये जागा उरते का ते पाहा, बंप स्टॉप (ॲक्सलला वर जाताना अडवणारा रबर) त्याआधी टेकला पाहिजे. यू-बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, 100 किलोमीटरनंतर परत आणि 500 ला पुन्हा.