देणगी-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर घेऊन सामाजिक संस्थांच्या परिषदेत स्टॉल लावावा का? तयारी काय करावी?

स्टॉल घ्या, पण पैसे भरण्याआधी परिषदेचा कार्यक्रम नीट वाचा आणि तिथे येणार कोण ते विचारा. तुम्ही लिहिलंय की पुण्यात तुमची चार जणांची कंपनी आहे, देणगीदारांच्या नोंदी, पावत्या आणि मासिक देणग्या सांभाळणारं सॉफ्टवेअर तयार आहे, आणि एका परिषदेत पहिल्यांदाच स्टॉल लावायचा आहे. मी बरीच वर्षं एका संस्थेच्या देणगी विभागात पावत्या फाडल्या आणि आता अशाच एका सॉफ्टवेअरच्या बाजूने स्टॉलवर उभी असते, म्हणून दोन्हीकडचं सांगते.

कार्यक्रमात सगळी सत्रं सीएसआरवर (कंपन्यांच्या सामाजिक खर्चावर) असतील तर माझं मत सरळ आहे: स्टॉल नको, प्रतिनिधी म्हणून नोंदणी करून नुसतं जा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या पैशाच्या मागे असलेल्या संस्थांना वर्षाला मोजके, पण मोठे चेक येतात. त्यांची गरज असते प्रकल्प अहवालाची. तुमचं सॉफ्टवेअर ज्याच्यासाठी आहे ती संस्था वेगळी. तिच्याकडे पाचशे-हजार-दोन हजारांच्या शेकडो देणग्या येतात, वाढदिवसाच्या, श्राद्धाच्या, शाळेतल्या एका मुलाच्या वर्षाच्या खर्चाच्या. अशा संस्था येणार असतील, वैयक्तिक देणग्यांवर किंवा हिशेब-कायद्यावर एखादं तरी सत्र असेल, तर जागा लगेच नक्की करा.

स्टॉलवर संस्थेचे संचालक येतील, आपुलकीने बोलतील, माहितीपत्रक नेतील. त्यांचा मान ठेवा. पण तुमची खरी गिऱ्हाईक त्यांच्या मागे पिशवी धरून उभी असते: पावत्या लिहिणारी, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) भरणारी, सीएच्या फोनला उत्तरं देणारी व्यक्ती. ती आपणहून पुढे येत नाही. संचालकांना चहा द्या आणि तिला विचारा, "ताई, मे महिना कसा जातो?"

हा प्रश्न का, ते समजून घ्या, कारण तुमच्या सगळ्या स्टॉलचा पाया तोच आहे. ८०जी मान्यता (जिच्यामुळे देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळते) असलेल्या संस्थेला आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन किंवा दुसरा ओळख क्रमांक, रक्कम, देणगीचा प्रकार आणि ती कशी आली हे सगळं १०बीडी या विवरणात भरावं लागतं. मुदत ३१ मे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. ते विवरण गेल्यावरच प्राप्तिकराच्या पोर्टलवरून देणगीदाराला द्यायचं १०बीई प्रमाणपत्र निघतं, आणि देणगीदाराची वजावट त्यावर अवलंबून असते. म्हणजे पूर्वी जी पावती देऊन विषय संपायचा, तिथे आता एका चुकीच्या पॅनमुळे देणगीदाराचा रागावलेला फोन येतो. (१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. बोलण्यात सगळे ८०जी आणि १०बीडीच म्हणतात, मीही तेच म्हणते, पण बॅनरवर क्रमांक छापण्याआधी सीएला दाखवा.)

मागे साताऱ्याकडच्या एका संस्थेच्या ताई अशाच स्टॉलवर थांबल्या होत्या. त्यांनी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. कार्बन प्रतीवर जागोजागी पेन्सिलीने 'पॅन घेणे' लिहिलेलं. एकाच गृहस्थांची नोंद तीन तऱ्हेने होती: एका पावतीवर मराठीत पूर्ण नाव, दुसरीवर इंग्रजी आद्याक्षरं, आणि बँकेच्या उताऱ्यात नुसता यूपीआयचा लांबलचक क्रमांक, त्यात नावाची पहिली काही अक्षरं. ही तिन्ही एकच माणूस आहे हे त्या ताईंना माहीत होतं, कारण त्या त्यांना ओळखत होत्या. त्या रजेवर गेल्या की ते कुणालाच कळणार नव्हतं. मी त्यांना आमच्या पडद्यावर तीन नोंदी एकत्र करून दाखवल्या, तर म्हणाल्या, "आता ही पावती रद्द करून दाखवा."

रद्द पावतीचा मुद्दा फार मोठा आहे. पावतीपुस्तकात चुकलेली पावती कुणी फाडून टाकत नाही. दोन्ही प्रती जागेवर ठेवून आडव्या रेघेने रद्द करतात, कारण लेखापरीक्षक सलग क्रमांक बघतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये पावती पुसता येत असेल आणि मधला क्रमांक गायब होत असेल, तर कुठलाही जागरूक हिशेबनीस तिथेच पाठ फिरवेल, आणि बरोबरच करेल. पावती रद्द झाली, कुणी केली, कधी, का, हे दिसलं पाहिजे. परिषदेच्या आधी एवढं एक तरी पक्कं करा.

म्हणून प्रात्यक्षिकात बत्तीस सोयी दाखवू नका. एकच देणगी घ्या आणि ती शेवटपर्यंत न्या. क्यूआर स्कॅन, पावती मराठीत, व्हॉट्सॲपवर पोचली, टॅलीसाठी नोंद निघाली, १०बीडीच्या फाइलमध्ये ओळ तयार झाली. सगळं चाचणी खात्यावर. स्टॉलवर कुणाकडून खरा रुपयाही घेऊ नका. मग तीच देणगी रोख २,५०० रुपये करून दाखवा आणि सॉफ्टवेअर काय बोलतं ते दिसू द्या, कारण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची वजावट मिळत नाही. ही सूचना पडद्यावर आली की बघणाऱ्याचा विश्वास बसतो, याचा मी अनुभव घेतला आहे.

दुसरा हमखास प्रश्न परदेशातल्या देणगीचा. गावाकडच्या शाळेला अमेरिकेतल्या माजी विद्यार्थ्याला पैसे पाठवायचे असतात. इथे रहिवास महत्त्वाचा नाही, नागरिकत्व महत्त्वाचं. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परदेशी अंशदान धरली जात नाही; अमेरिकी पासपोर्ट घेतला असेल, अगदी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, ती परदेशी धरली जाते आणि संस्थेला एफसीआरए (परदेशी अंशदान नियमन कायदा) खाली नोंदणी लागते. ते पैसे २०२० च्या दुरुस्तीनंतर फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतात. तुमच्या देणगीच्या पानावर नागरिकत्वाचा प्रश्न नसेल तर तो आजच घाला. संस्थेची नोंदणी धोक्यात येईल असं काही आपल्या हातून विकलं जाऊ नये.

मासिक देणग्यांबद्दल बोलाल तर आकडे फुगवू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे कार्डावरून दरमहा आपोआप होणाऱ्या पेमेंटचे नियम बदलले तेव्हा दरमहा येणाऱ्या कितीतरी देणग्या एका झटक्यात थांबल्या. देणगीदारांची इच्छा संपली नव्हती, मंजुरी तुटली होती, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांना फोन करून विचारणारं कुणी नव्हतं. आता यूपीआय ऑटोपे (खात्यातून दरमहा आपोआप रक्कम जाण्याची सोय) आहे, पण खात्यात शिल्लक नसली की हप्ता चुकतोच. "देणग्या दुप्पट होतील" असं सांगणारे स्टॉल मी पाहिलेत आणि मला ते मनापासून खटकतं. सॉफ्टवेअर देणगी मागत नाही, माणूस मागतो. तुम्ही एवढंच सांगा की कुणाचा हप्ता चुकला त्याची यादी सकाळी टेबलावर असेल.

एका बाबतीत फार कडक राहा. प्रात्यक्षिकात दुसऱ्या संस्थेची खरी यादी कधीही उघडू नका, आणि कुणी उत्साहाने आपली एक्सेल फाइल पेन ड्राइव्हवर देऊ लागलं तर घेऊ नका. त्यांच्याच लॅपटॉपवर उघडायला सांगा. देणगीदाराचा फोन आणि पॅन हा संस्थेवर टाकलेला विश्वास आहे, शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही आहेच.

बाकीची तयारी थोडक्यात. सभागृहाच्या वायफायवर विसंबू नका, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा आणि प्रात्यक्षिकाचं रेकॉर्डिंग लॅपटॉपमध्येच असू द्या. लांब वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड न्या. स्टँडीवर (उभ्या बॅनरवर) मोठ्या अक्षरांत एकच ओळ, मराठीत: 'पावतीपासून १०बीडीपर्यंत', क्रमांक सीएला दाखवूनच. आणि स्टॉलवर हिशेब कळणारा माणूस हवाच, नुसता विक्रीवाला चालणार नाही.

दर लपवू नका. संस्थेकडे जीएसटी नोंदणी नसेल तर १८ टक्के कराचा परतावा तिला मिळत नाही, म्हणजे तुमचे १०,००० तिला ११,८०० पडतात. कागदावर ११,८०० च लिहा. देणगीवर टक्केवारी घेण्यापेक्षा वार्षिक शुल्क ठेवा. विश्वस्तांना "शंभरातले इतके कंपनीला" हे देणगीदाराला सांगताना संकोच वाटतो, आणि तो रास्त आहे. पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचं) शुल्क वेगळं दाखवा.

स्टॉलवर सौदा होईल अशी अपेक्षा धरू नका. निर्णय विश्वस्त मंडळाच्या सभेत होतो आणि तिथे तुम्ही नसता. म्हणून पावत्या लिहिणाऱ्या ताईंच्या हातात मराठीतलं एक पानी टिपण द्या, जे त्या जसंच्या तसं सभेपुढे ठेवू शकतील: काम काय होईल, खर्च किती, जुन्या नोंदी कोण भरून देणार, उद्या सॉफ्टवेअर सोडलं तर आमचा डेटा आम्हाला कसा मिळेल. शेवटचा मुद्दा विश्वस्त हटकून विचारतात. सोबत तेवढ्याच आकाराच्या एखाद्या संस्थेचा संपर्क द्या, अर्थात त्यांना विचारून.

परिषद हिवाळ्यात असेल तर टिपण आठवडाभरात पाठवा आणि मार्चमध्ये त्यांना अजिबात फोन करू नका. वर्षातल्या सगळ्यात जास्त देणग्या तेव्हाच येत असतात. एप्रिल-मेमध्ये नव्या सॉफ्टवेअरवर जाण्याचा आग्रह धरू नका, हवं तर त्यांच्या पॅनच्या चुका शोधून देण्याची मदत फुकट करा. जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन करा आणि आधी विचारा की ३१ मेचं विवरण वेळेत गेलं का.